पहिल्या पत्र्यावरचा हात

वारे सुटून कुठे पत्रा वाजायला लागला की मला ते मंगल कार्यालय आठवते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांतले बरेचसे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. हे प्रकरण मात्र जसेच्या तसे आहे. त्यात नावाजलेला गुन्हेगार नव्हता, की वर्तमानपत्राला पुरेल अशी बातमी नव्हती. तरी लिहायला बसलो, कारण ज्यांनी ते उलगडले ते आमचे हवालदार यंदा गेले. त्यांच्याविषयी नीट काही लिहावे असे रोज मनात येते आणि रोज दोन-चार ओळींपलीकडे जाणे होत नाही. नावे कोणाचीच घालत नाही.

मी तेव्हा फर्दापूरच्या बाजूला एका लहान ठाण्याचा प्रभारी होतो. मे महिन्यात एका संध्याकाळी वादळ झाले. पाऊस नावापुरता, वारे मात्र झाडे वाकवणारे. रस्त्याकडेला उघड्या माळावर नवे मंगल कार्यालय उभे राहत होते. त्याच्या छपराचा पश्चिमेकडचा अर्धा भाग उडाला आणि एक पत्रा वॉचमनच्या खांद्यावर आणि डोक्यावर बसला. शहरातल्या सरकारी रुग्णालयात तो बेशुद्ध पडून होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालयाचा मालक फिर्याद द्यायला आला. भागातला मोठा बागायतदार, बोलणे मोजके. शहराजवळच्या बजाजनगरच्या एका मिस्त्रीने पत्रे निष्काळजीपणे बसवले, त्यामुळे हा प्रकार घडला, असे त्याचे म्हणणे. ठाणे अंमलदाराने गुन्हा नोंदवला, स्टेशन डायरीला नोंद झाली, तपास मी माझ्याकडे ठेवला. जखम गंभीर होती. वॉचमनचे काही बरेवाईट झाले तर कलम वाढणार होते आणि मिस्त्रीची सुटका अवघड होणार होती.

मिस्त्रीला आणायला माणूस पाठवण्याआधीच तो आपल्या पायांनी ठाण्यात हजर झाला. केस काळेभोर रंगवलेले, डोळ्यांवर गॉगल, आवाज असा की लॉकअपमधला माणूसही गजाजवळ येऊन उभा राहिला.

“साहेब, माझा पत्रा उडत नाय. उडला म्हंजी तो माझा नाय.”

हवालदार टेबलावरून मान न उचलता म्हणाले, “पत्र्यावर नाव टाकतो काय रे तू?”

“नाव कशाला? तुमी चालीवरून चोर वळखता ना? तसं पत्र्याकडं बघा.”

“गॉगल काढ आधी. मग तुझ्याकडं बघू.”

दोघांचे जबाब वेगवेगळे घेतले. मालकाचा जबाब सरळ होता. एकच मिस्त्री, एकच टोळी, सगळे छप्पर त्यानेच घातले. दुसरे कोणी आले का, असे विचारल्यावर तो म्हणाला, “दुसरं कोण येणार? सुटायला बघतोय त्यो.” मी तोच प्रश्न फिरवून पुन्हा विचारला. उत्तर त्याच शब्दांत, त्याच क्रमाने आले.

मिस्त्रीचा जबाब मात्र आवरेना. पत्रा वर नेण्याआधीच खरे काम होते, असे त्याचे सांगणे. सांगाड्याचे दोन्ही कर्ण, कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, टेपने मोजायचे. ते सारखे भरले नाहीत तर सांगाडा तिरका आहे, आणि पत्र्यांची कड शेवटी पायऱ्यांसारखी दिसणार. आडव्या लोखंडी पट्ट्यांना दोरी लावून उंचसखल बघायचे. शिडी वरून बांधायची, खालून कोणी धरून ठेवण्यावर भरवसा ठेवायचा नाही. आढ्याच्या लांबीभर दोर ताणायचा आणि प्रत्येकाने आपला पट्टा त्याला अडकवूनच वर पाय ठेवायचा. आणि आढ्यावर जुन्या लुगड्याची चिंधी बांधायची.

“चिंधी कशाला?” मी विचारले.

“वाऱ्याचं कळाया. ती आडवी झाली की समदे खाली. मंग मालक असू दे, नाय तर मालकाचा बाप.”

त्याच्या म्हणण्याप्रमाणे पूर्वेकडून निम्मे छप्पर झाले असताना चिंधी आडवी झाली. त्याने माणसे उतरवली. कार्यालयात लग्न ठरलेले होते, मालकाला घाई होती. शब्दाला शब्द लागला. मिस्त्रीने उरलेले पत्रे फळ्यांवर रचून दोराने आवळून बांधले आणि टोळी घेऊन तो बजाजनगरला निघून गेला. पुढचे काम कोणी केले ते त्याला ठाऊक नव्हते.

खोटे बोलणारा माणूस बोलणे घट्ट बांधून आणतो आणि खरे बोलणारा वाहवत जातो, हे मला तोवर अनुभवाने कळले होते. पण वाहवत जाणे हा पुरावा होत नाही.

खबर आणली ती हवालदारांनी. बीटवर फिरताना माळावर मेंढरे चारणारी एक बाई त्यांना भेटली. तिला त्यांनी काही विचारले नाही. तिच्या मेंढरांचे कौतुक करत उभे राहिले, तशी तीच बोलली.

“पयले आले ते दोरीला बांधलेले व्हते, दाव्याच्या शेळ्यांवाणी. मागून आले ते मोकळेच. माकडावाणी नाचत व्हते वर. मला तर लई भ्या वाटलं.”

“मावशी, ठाण्यात येऊन एवढंच सांगता का?”

“आन मेंढरं कोण बघंल? तू?”

जबाब नोंदवायला आम्ही दुसऱ्या दिवशी गेलो, तोवर तिचा तळ हलला होता. तोंडी खबर हाती राहिली. दोन टोळ्या होत्या हे आम्हाला कळले, सिद्ध मात्र करता येईना. ज्याने सगळे पाहिले तो वॉचमन बोलण्याच्या स्थितीत नव्हता.

मग छपराचा सविस्तर पंचनामा करायचे ठरवले. दोन पंच, हवालदार, मी आणि मिस्त्री. सकाळी शिडीला हात घातला तर मिस्त्रीच आडवा आला.

“थांबा साहेब. रातच्याला भुरभुर झालीय. पत्रा ओला आसला की बर्फावाणी.”

“आम्ही पंचनाम्याला आलो आहोत.”

“मी आरोपी हाय, मान्य. पण वर चढायचं ते माझ्या हिशेबानं. तुमी घसरला तर त्योबी गुन्हा माझ्याच नावावर येईल.”

पंच हसले. हवालदार म्हणाले, “बरोबर बोलतोय, साहेब. एका गुन्ह्यातून सुटू द्या आधी.”

ऊन चढून पत्रा कोरडा होईपर्यंत आम्ही खाली बसलो. मिस्त्रीने शिडी बांधली, खाली कोणी फिरकू नये म्हणून कडेने दोरी लावली आणि माझ्या कमरेला पट्टा आवळला. बूट काढायला लावून रबरी तळव्याचे जोडे दिले. “स्क्रूच्या रांगेवरच पाय ठेवायचा. तिथं खाली लोखंड हाय. आन त्यो उजेडाचा पारदर्शक पत्रा दिसतोय ना, त्यावर पाय द्यायचाच नाय. मान्सं त्यातूनच जात्यात.”

हवालदारांना उंचीची धास्ती होती. ते विहिरीच्या काठावरूनही आत डोकावत नसत. ते खालीच थांबले.

वर मिस्त्रीने मला कडा दाखवल्या. एका पत्र्याची कड शेजारच्यावर चढवतात. तिथे वारे पश्चिमेचे. म्हणून काम पूर्वेकडून सुरू करायचे, म्हणजे प्रत्येक नव्या पत्र्याची उघडी कड पूर्वेला पडते आणि वारे तिच्यावरून निघून जाते. पूर्वेकडचा भाग तसाच होता, एकही पत्रा हललेला नव्हता. पश्चिमेच्या टोकाला तग धरून राहिलेल्या चार-दोन पत्र्यांच्या कडा मात्र वाऱ्याच्या तोंडाला होत्या. म्हणजे ते काम उलट टोकाकडून सुरू झाले होते. वाऱ्याला बोटे घालायला जागाच करून दिली होती. स्क्रूही एक सोडून एक.

हे सगळे पंचनाम्यात घेतले. तरी मला ठाऊक होते की मालकाचा वकील म्हणेल, दोन्ही बाजूंनी यानेच घातले, घाईत घातले.

तेवढ्यात खालून हाक आली. “साहेब, वर काय बघताय? खाली या. पत्र्याला पोट बी असतंय.”

आम्ही उतरून आत गेलो, तर हवालदार जेवणाच्या टेबलावर उताणे पडून छपराकडे पाहत होते. आतून छत लावायचे अजून बाकी होते, त्यामुळे पत्र्याची खालची बाजू उघडी होती. पूर्वेकडच्या अगदी पहिल्या पत्र्यावर, वळचणीजवळ, एक लाल डाग त्यांना दिसला होता. मी शिडी लावून जाणार, तोच ते म्हणाले, “मी बघितलं, मीच जातो.” दोन्ही हातांनी शिडी कवटाळून, पायरीगणिक थांबत तो माणूस वर गेला. मग तिथूनच म्हणाला, “कुंकवाचा हात हाय, साहेब. बाईचा. बोटं साडेचार.”

मिस्त्री सहज म्हणाला, “मालकाच्या आईचा त्यो. पयला पत्रा उचलायच्या आधी घरच्या बाईचा हात घेतो आमी, आतल्या अंगाला. वरून घेतला तर पावसानं धुतो.”

“मग हे जबाबात का नाही सांगितलंस?”

त्याने पहिल्यांदा आवाज खाली आणला. “देवाचं हाय ते, साहेब. पोलिसांत काय सांगायचं?”

हवालदार उतरले. माझ्याजवळ येऊन म्हणाले, “साहेब, आता दुसऱ्या टोळीचं कुणालाच विचारू नका. हाताचं विचारा.”

मालकाला ठाण्यात बसवून ठेवायला सांगितले आणि आम्ही थेट त्याच्या शेतातल्या घरी गेलो. आई अंगणात बाजेवर वाळत घातलेल्या कुरडयांवरचे कावळे हाकत बसली होती. हवालदार तिच्या शेजारी जमिनीवर बसले, दोन कावळे त्यांनीही हाकले.

“आजी, कार्यालयाच्या पत्र्यावर हात उमटलाय, तो तुमचा का?”

तिने उजवा हात पुढे धरला. तर्जनी अर्धी. “बघ की. कडब्याच्या कुट्टीच्या मशिनीनं खाल्लेलं बोट. असला हात दुसऱ्या कुणाचा असंल व्हय?”

“आन पश्चिमेच्या टोकाला? तिकडं नाय दिला?”

“तिकडं कुठला! ती मागून आलेली पोरं. हाताचं म्हणलं तर हसायलीत. म्हणं आजी, टाइम नाय. म्हणलं बाबांनो, पाणी तरी पिऊन चढा. तेबी नाय.”

मी लिहून घेत होतो. माझ्या पेनाकडे तिचे लक्ष गेले आणि ती थांबली. आपण काय बोललो ते तिला कळले होते. कावळा येऊन बाजेवर बसला तरी तिने हाकला नाही.

“माझ्या पोराला धरशील का?”

हवालदारांनी तिला फसवले नाही. “गुन्ह्यात नाव येईल, आजी. जे झालं तेवढंच येईल, जास्त नाय. ह्या जबाबाला नाय म्हणायचं असंल तर आत्ताच म्हणा.”

म्हातारी आपल्या अर्ध्या बोटाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “त्या वॉचमनची बायको रोज ह्याच वाटंनं जाती. तिच्याकडं कसं बघू मी? बोलले ते बोलले. लिव्ह.”

ठाण्यात परतल्यावर मालकाला मी एकच वाक्य सांगितले, की आईंचा जबाब झाला आहे. त्याने पाणी मागितले. ग्लास रिकामा करून टेबलावर ठेवला आणि सगळे सांगितले. मिस्त्री गेल्यावर त्याने लग्नाच्या तारखेच्या धाकाने दुसरी टोळी आणली होती. ती वाऱ्यातच वर चढली. मिस्त्रीच्या कामाला टेकून पुढे जाण्याऐवजी दुसऱ्या टोकाकडून सुरुवात करून, मध्ये एक पत्रा उभा कापून जुळवला. वॉचमनने दोनदा हटकले होते. ज्याने हटकले त्याच्यावरच पत्रा पडला.

मिस्त्रीचे नाव आरोपींतून कमी होऊन साक्षीदारांत आले. वॉचमन वाचला. हात पुरता वर जात नाही, पण पुढे त्याने स्वतः जबाब दिला आणि तो म्हातारीच्या जबाबाशी तंतोतंत जुळला.

माणूस मोठे खोटे डोळ्यांत तेल घालून राखतो. त्याच्या आसपासच्या लहानसहान खऱ्या गोष्टी मात्र उघड्याच पडलेल्या असतात. तपास तिथून सुरू करावा, हे मी त्या टेबलावर उताण्या पडलेल्या माणसाकडून शिकलो. आणखी एक गोष्ट त्या मिस्त्रीकडून कळली. समोर काम पडलेले असताना, मालक ओरडत असताना, एका चिंधीकडे बघून माणसे खाली उतरवायला जे धैर्य लागते, ते पिस्तूल घेऊन दार फोडण्याच्या धैर्यापेक्षा कमी नाही. त्याला कोणी पदक देत नाही. त्याची टोळी संध्याकाळी घरी पोचते, एवढेच.

निवृत्तीनंतर हवालदारांनी शहरातल्या आपल्या घराच्या गच्चीवर पत्र्याची खोली बांधली. मिस्त्री अर्थातच तोच. शहराच्या दुसऱ्या भागातून, उस्मानपुऱ्यातल्या माझ्या घरून, मी मुद्दाम गेलो होतो. मिस्त्रीने पहिला पत्रा आडवा ठेवला, कुंकू कालवले आणि वहिनींना हाक मारली. त्या म्हणाल्या, “माझा नको. घर यांच्या हौसेनं झालंय, यांचाच घ्या.”

हवालदारांनी तळवा पुढे केला. “एवढी वर्षं दुसऱ्यांचे ठसे घेतले. आज माझा घ्या.”

“दाबून ठेवा,” मिस्त्री म्हणाला, “हलवू नका. आन उमटला की खाली जाऊन बसा. तुमाला नुसतं वर बघून चक्कर येती.”

यंदा त्यांच्या तेराव्याला गेलो. पंगत उठल्यावर मी गच्चीवरच्या त्या खोलीत गेलो, तर मिस्त्री आधीच तिथे भिंतीला टेकून बसलेला. गॉगल नव्हता, केस रंगवायचे सोडले होते. त्यानेच सरकून सतरंजीवर जागा केली. मी त्याच्या शेजारी उताणा झालो आणि वर पाहिले. पूर्वेकडच्या पहिल्या पत्र्यावर, वळचणीजवळ, पाची बोटे स्पष्ट होती. करंगळी थोडी वाकडी, जशी त्यांची होती.

बाहेर पश्चिमेचे वारे सुटले होते. उघड्या दारातून दिसणाऱ्या, शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी आडव्या झाल्या. मिस्त्रीने सवयीने मान वर करून कान दिला, मीही दिला.

पत्रा वाजला नाही.