राजेश्रीचं तीन आरशांचं टेबल

राजेश्रीला राग आला की तिचा आवाज खाली जायचा. झरी गावातल्या गिरणीवाल्यानं एकदा दळणात भेसळ केली, तेव्हा ती त्याला काहीतरी इतकं हळू बोलली की रांगेतल्या बायकांना ऐकूच आलं नाही. पण गिरणी बंद करून तो माणूस घरातून पीठ भरून घेऊन आला. मी तिच्या लेकीची, सृष्टीची, वर्गशिक्षिका. आमची ओळख त्यामुळेच झाली, आणि पुढचा सगळा प्रकार मी डोळ्यांनी पाहिला.

तिचे वडील पंडितराव, परभणीतले सुतार. निजामाच्या काळातल्या कुणा अंमलदाराच्या घरचं सामान वारसांनी काढून टाकलं, त्यात त्यांना एक मोडकं ड्रेसिंग टेबल मिळालं. सागवानी, वाकड्या पायांचं. मधे उंच आरसा आणि दोन्ही बाजूंना पितळी बिजागरीवर फिरणारे दोन अरुंद आरसे. एका कोपऱ्यातला पारा उडालेला. पंडितरावांनी ते हिवाळाभर बसून दुरुस्त केलं आणि लेकीच्या लग्नात दिलं. पुढं ते वारले.

झरीत तीन आरशांचं टेबल दुसऱ्या कुणाकडं नव्हतं. बाजूचे आरसे वळवले की आपली पाठ दिसते, वेणी सरळ आली का कळतं, गजरा नीट माळता येतो. त्यामुळं आळीतल्या कितीतरी नवऱ्या राजेश्रीच्याच खोलीत नटल्या. तिच्या हातून कुंकवाची रेघही सुबक यायची. बायका कौतुकानं म्हणायच्या, "राजेश्रीच्या आरशात सगळ्याच पोरी देखण्या दिसतात."

ऐन कापूस वेचणीत तिचा नवरा योगीराज काविळीनं गेला. राजेश्री तेव्हा पस्तिशीचीही नव्हती. तिच्या आरशात लेकी नटवून नेणाऱ्या बायकांनीच तिच्या बांगड्या फोडल्या. ती भानावर नव्हती, कुणी काय केलं तेही तिला आठवत नव्हतं. दिवसपाणी उरकल्यावर भाऊ तिला आणि सृष्टीला परभणीला घेऊन गेला.

ती परत आल्याचं कळलं तसं मी भेटायला गेले. खोलीच्या दारात ती उभी होती. समोरच्या भिंतीवर टेबलाएवढा जुना रंग उरला होता, बाकी काही नाही. खताच्या रिकाम्या गोणीत कप्प्यांतलं सामान कोंबलेलं. फणी, टिकल्यांची पाकिटं, सृष्टीच्या रिबिनी, आणि योगीराजचं दाढीचं सामान. ब्रशावर साबण वाळलेला होता.

तिनं तो ब्रश गोणीतून काढून पदरात घेतला आणि सासूला, नर्मदाबाईंना विचारलं, "आत्याबाई, टेबल कुठं हाय?"

नर्मदाबाई तांदूळ निवडत होत्या. "बन्सीधरनं नेलं. त्याच्या राजनंदिनीच्या लग्नात द्यायलाय. घरातलीच लेक हाय, परकी हाय का?"

"मला इचारलं कामून न्हाई?"

"तुला आता आरशाचं काय काम?"

"अजून तोंड धुवायला लागतंय मला," राजेश्री म्हणाली. आवाज खाली उतरला होता.

तेवढ्यात बन्सीधर आले. राजेश्रीचे मोठे दीर, गावात वजन असलेला माणूस. मला पाहून ते जरा सावरले, पण थांबले नाहीत. "पावण्यायला जुनं सागवान लय आवडलं. पॉलिशला टाकलंय परभणीला. नाहक वाढवू नको. योगीराज असता तर त्यानंच दिलं असतं."

"असता तर तुमी हात लावला असता का, दादा?"

ते म्हणाले, "बाईमाणसानं इतकं बोलू नये," आणि बैठकीत जाऊन बसले.

नर्मदाबाईंनी सूप खाली ठेवलं. "तुझा सासरा गेल्यापासून तीस वर्सं मी आरसा पाहिला न्हाई. मेले का?"

"तुमाला कोन मना केलं होतं?"

"माझ्या सासूनं."

"मग तिच्यावर रागवा. माझ्यावर कामून?"

म्हातारी उठली आणि मागच्या अंगणात निघून गेली. इतक्या वर्षांत तिला कुणी हे विचारलंच नसावं. तिची मला कीव आली आणि रागही आला. स्वतःला ज्यानं मारलं तेच काठीसारखं धरून ठेवायचं आणि पुढच्या बाईवर उगारायचं, ही कुठली रीत.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. राजेश्री म्हणाली, "बाई, चलता का माझ्यासंगं? एकटी गेले तर लोक म्हणतील डोक्यावर परिणाम झाला." आम्ही जीपनं परभणीला गेलो. वसमत रोडला सिद्धोधन नावाच्या माणसाचं पॉलिशचं दुकान आहे. तो पूर्वी पंडितरावांच्या हाताखाली काम करायचा, त्यामुळं टेबल त्याच्याकडंच असणार हे तिनं ओळखलं होतं.

टेबल तिथंच होतं, पण आरसे काढलेले. तिन्ही आरसे गोधडीत गुंडाळून कोपऱ्यात उभे केले होते. सिद्धोधननं सांगितलं, "बन्सीधरराव म्हणले, हे डागाळलेले आरसे फेका, एकच मोठी नवी काच बसवा. टेबल लेकीच्या लग्नाचं हाय म्हणले. मी आज-उद्या करणारच होतो."

राजेश्रीनं गोधडी उलगडली. उडालेल्या पाऱ्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "भाऊ, आरसे परत बसवा. मी घेऊन जाते."

सिद्धोधननं तिच्यासमोरच बन्सीधररावांना फोन लावला. पलीकडचं ओरडणं आम्हाला स्पष्ट ऐकू येत होतं. त्यानं ते सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पंडितकाकांची लेक इथं उभी हाय. तिच्या बापाची वस्तू मी तिला न्हाई म्हणू शकत न्हाई." आणि फोन ठेवला.

आरसे परत बसल्यावर छोटा हत्ती टेम्पो ठरवला. टेबलाला गाद्यांचे आधार देऊन राजेश्री मागं त्याच्याजवळच बसली, मी पुढं. गावात शिरलो तेव्हा भरदुपार होती. आरशांवरून ऊन दुकानांच्या पाट्यांवर फिरत होतं, आणि माणसं ओट्यांवरून उठून बघत होती.

दारात बन्सीधररावांनी मोटारसायकल आडवी लावली होती. शेजारी दहा-वीस माणसं. "घराची अब्रू रस्त्यावर आणलीस," ते म्हणाले.

"मी टेबल आणलं. अब्रू तुमी आधीच पॉलिशला टाकली होती."

कुणीतरी हसलं, त्यानं ते अजून भडकले. त्यांनी टेम्पोवाल्याला माघारी फिरायला सांगितलं. तो बिचारा आमच्याकडं बघायला लागला. तेवढ्यात आतून राजनंदिनी बाहेर आली. हातात तिच्याच लग्नपत्रिकांची पिशवी. तिनं टेबल पाहिलं, काकूकडं पाहिलं.

"काकू, तुमी परत कामून आणलं? तुमीच दिलं ना मला?"

"कोन म्हणलं?"

पोरीनं बापाकडं पाहिलं. "पप्पा, तुमी तर म्हणले काकूनं खुशीनं दिलं. मी सासरी फोन करून सांगितलंय तसं."

राजनंदिनीनं पिशवी ओट्यावर ठेवली आणि मोटारसायकलचं स्टँड पायानं उडवून ती बाजूला ढकलली. मग टेबलाची एक बाजू धरली. दुसरी राजेश्रीनं. टेम्पोवाला आणि मी मागून आधार दिला. बघणाऱ्यांपैकी एकही पुरुष पुढं आला नाही.

टेबल जागेवर बसलं, पण घराची घडी बसली नाही. त्या आठवड्यातच राजेश्रीची चूल वेगळी झाली. राजनंदिनीच्या हळदीला तिला बोलावलं नाही. लग्नाला ती गेली. पहिल्या रांगेत बसली, कपाळाला टिकली लावून. कुजबूज झाली, ती तिनं ऐकली आणि जेवून घरी आली. राजनंदिनी मांडवातून निघताना वाकून तिच्या पाया पडली, एवढंच.

गावानं मात्र सगळ्याचं एका वाक्यात गाठोडं बांधलं. टेबलासाठी दिराशी भांडली. शाळेतल्या स्वयंपाकघरातही मी हे ऐकलं आणि माझा तोल गेला. टेबलासाठी. नवरा गेल्यावर तिचा चेहराही घरच्यांच्या वाटणीला जातो, हे कुणाला दिसलंच नाही. नर्मदाबाई अजून त्या खोलीत पाऊल टाकत नाहीत. वाटेत दार उघडं दिसलं तर मान फिरवतात.

राजेश्री आता ब्लाउज शिवते. टेबलाशेजारी मशीन आहे, माप घेतल्यावर बाई आरशात पाठ बघून घेते. आधी कुणी येत नव्हतं, आता येतात. योगीराजच्या वाट्याचं शेत तिच्या आणि सृष्टीच्या नावावर व्हावं म्हणून ती तलाठ्याकडं खेटे घालते. बन्सीधररावांची सही अजून झालेली नाही.

मागच्या महिन्यात किशनराव, गावातले एक समजूतदार म्हातारे, तिच्याकडं आले. बन्सीधररावांनीच पाठवलं होतं. मी तिथं ब्लाउज न्यायला गेले होते. किशनराव म्हणाले, "झालं गेलं सोड, पोरी. किती दिवस राग धरायचा? मन मोठं कर."

राजेश्रीनं मशीन थांबवलं. "काका, मी राग सोडते. त्यायनी काय सोडलं ते आधी सांगा."

किशनरावांनी चहा संपवला, बशी खाली ठेवली, आणि टोपी सारखी करत निघाले. तिनं सुईत नवा दोरा ओवला.