फिक्रियाबाईंचा खांदा आणि चौथ्या मजल्याची टोपली

मुहर्रम बे या जुन्या वस्तीतल्या आमच्या गल्लीत चौथ्या मजल्यावरून दोरीला बांधलेली टोपली खाली आली, की समजायचं, फिक्रियाबाईंचा दरबार भरला. माझं इस्त्रीचं दुकान बरोबर त्या टोपलीखाली. एकवीस वर्षं ती माझ्या डोक्यावरून वर-खाली होतेय, आणि त्यातली निदान दहा वर्षं बाईंनी माझ्या इस्त्रीत खोडी काढण्यात घालवलीत. बाई पोस्टातून निवृत्त झालेल्या, नवरा जाऊन बराच काळ लोटलेला. जिना उतरायचा त्यांना कंटाळा, पण गल्लीतलं काही त्यांच्या नजरेतून सुटायचं नाही. भाजीवाल्या उम्म सय्यदची मऊ वांगी त्या टोपलीतून परत पाठवायच्या आणि त्याच फेरीत कोणाची सोयरीक मोडली हेही विचारून घ्यायच्या.

या बाईंचा उजवा खांदा आखडला. केसात फणी फिरवता येईना, मग टोपली कुठून ओढणार. डाव्या हाताने ओढायला गेल्या तर टोपली दुसऱ्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांत अडकली आणि कोणाचा तरी पायजमा घेऊन वर गेली. गल्ली आठवडाभर हसली. मीही हसलो, खोटं कशाला बोलू.

नादिर मात्र हसला नाही. नादिर म्हणजे बाईंचा एकुलता एक मुलगा. तो कैरोच्या पलीकडे वाळवंटात उठलेल्या नव्या वसाहतीत राहतो. बायको नोकरीसाठी कुवेतला. तो आला आणि म्हणाला, "आई, ईदपर्यंत हात बरा झाला नाही तर तू माझ्याकडे येतेस. तिथे लिफ्ट आहे, दारावर पहारेकरी आहे."

"आणि खाली कोण आहे?" बाईंनी विचारलं.

"खाली गाड्या ठेवतात."

"मग मी टोपली सोडून काय गाडी विकत घेऊ?"

पण ईदला दहा आठवडे उरले होते आणि नादिर बोलला तर करणारा माणूस. बाई मनातून घाबरल्या होत्या.

पहिला फिजिओथेरपिस्ट नादिरनेच पाठवला. डॉक्टर शौकी. लाल दिव्याची पेटी घेऊन आला, खांद्यावर दिवा लावला आणि अर्धा तास गॅलरीत उभा राहून फोनवर कोणाशी तरी जमिनीच्या सौद्याचं बोलत राहिला. गॅलरीतलं बोलणं सगळ्या गल्लीला ऐकू येतं, हे त्या गृहस्थाला कोणी सांगितलं नव्हतं. जाताना वयस्कर बाईला म्हणतात तसं आदराने म्हणाला, "हाज्जा, टोपली कायमची बंद. तुम्हाला लिफ्टचं घर बरं."

"माझ्या मुलाकडे लिफ्ट आहे हे माझ्या खांद्याने सांगितलं का तुम्हाला?"

डॉक्टरने पेटी उचलली. बाई दुसऱ्या दिवशी वरून मला म्हणाल्या, "उस्ता रिफअत, तो नादिरच्या दुखण्यावरचा डॉक्टर होता. माझ्या दुखण्यावरचा शोधायचाय."

झालं, गल्लीला काम मिळालं. आमच्याकडे पत्ता विचारला तर माहीत नसलेला माणूसही हात करून दिशा दाखवतो. डॉक्टर विचारला तर काय होत असेल. ज्याचा गुडघा दुखत होता त्याने गुडघ्याचा सुचवला, आणि न्हाव्याने मेहुण्याचा दात काढणारा सुचवला. मी स्वतः कॅप्टन उसामाला आणलं. तो पूर्वी एका फुटबॉल क्लबात खेळाडूंच्या तंगड्या सरळ करायचा. वाटलं, खेळाडू उभे करतो तर बाई काय चीज आहे.

कॅप्टनने हात धरला आणि वर नेला. बाईंची किंकाळी ऐकून माझ्या हातून एका वकिलाची कॉलर करपली.

"दुखलं तरच सुटतं, हाज्जा. जोर लावा, सामना जिंकायचाय."

"मला सामना नाही जिंकायचा, कॅप्टन. मला कोथिंबीर घ्यायचीय. हात वर जाईल की नाही ते सांग."

"इन्शाल्लाह."

"त्याचं मी त्यालाच विचारते, रोज पाच वेळा. तू तुझं सांग."

कॅप्टनने जिना धरला. मग पुढे जो आला त्याला बाईंनी हाच प्रश्न टाकला आणि प्रत्येकाने इन्शाल्लाह म्हणून पाय काढता घेतला. हा आमचा जुना रोग आहे. मी पण शर्ट उद्या मिळेल का म्हटलं की हेच सांगतो, आणि शर्ट परवा देतो.

सात आठवडे उरले तेव्हा सरकारी दवाखान्यातली नरमीन आली. बारीकशी मुलगी, पेटी नाही, दिवा नाही. तिने खांदा तपासला आणि मग म्हणाली, "टोपली कुठेय? ओढून दाखवा, जिथे दुखेल तिथे थांबा."

एवढे येऊन गेले, पण टोपली बघायला कोणी मागितली नव्हती. बाईंनी कठड्यावरून वाकून, कोपर बाहेर काढून दोरी ओढली आणि मध्येच थांबल्या.

"अशी इतकी वर्षं ओढताय? खांदा एवढा टिकला हेच नवल. दोरी अंगाजवळ घ्या, दोन्ही हातांनी, एकामागून एक."

"हात वर जाईल का, पोरी?"

"रोज व्यायाम केलात तर सहा आठवड्यांत एक किलो. पुढे दोन. त्याच्यावर मी कबूल करत नाही. आणि पहिले पंधरा दिवस नुसती रिकामी टोपली. इन्शाल्लाह."

"आता म्हण," बाई म्हणाल्या. "आता शोभतं."

मग गल्लीने रिकामी टोपली वर-खाली होताना पाहिली. तिसऱ्या आठवड्यात तिच्यात एक लिंबू आलं. उम्म सय्यद कपाळावर हात मारून म्हणाली, "सबंध सकाळ एका लिंबासाठी मला उन्हात उभी करते ही बाई." मग दोन लिंबं, मग काकडी. वर बाई दिवसातून तीनदा व्यायाम म्हणून भिंतीवर बोटांनी चढत होत्या. रडायच्याही, हे मला नरमीनने सांगितलं. मला फार वाईट वाटलं आणि मी त्यांची चादर फुकट इस्त्री करून दिली. त्यांनी तीही परत पाठवली, घडी वाकडी म्हणून.

ईदच्या तिसऱ्या दिवशी नादिर गाडी घेऊन आला. बाईंनी वरून टोपली सोडली. "उम्म सय्यदकडून किलोभर टोमॅटो टाक."

त्याने टोमॅटो टाकले. आणि बाई दोरी सावरत होत्या तेवढ्यात टोमॅटोंखाली बटाट्याची भली मोठी पिशवी सरकवली. मी डोळ्यांनी पाहिलं. मला त्याचा असा संताप आला, की इस्त्री टेकवून मी दुकानाबाहेरच आलो.

टोपली वीतभर उचलली आणि थांबली. बाईंनी जोर केला नाही. हळूच परत खाली टेकवली.

"नादिर, बटाटे काढ. ते माझ्या खांद्याचं काम नाही. जिना तुझ्या गुडघ्यांसाठी आहे."

त्याने पिशवी काढली. टोमॅटो वर गेले, सावकाश, कुठेही न अडकता. टोपली वर पोचल्यावर खाली उम्म सय्यदने टाळ्या वाजवल्या. नादिर माझ्या स्टुलावर येऊन बसला.

"लाज नाही वाटली?" मी विचारलं.

त्याने बटाट्यांची पिशवी पायाशी ओढून घेतली. "उस्ता, माझ्या मजल्यावर चार दारं आहेत. तीन वर्षांत एकही उघडं दिसलं नाही. संध्याकाळी घरी गेलो की जेवलास का म्हणून विचारायला कोणी नाही."

"मग हे आईला सांगायचं ना."

"खांद्याचं सांगणं सोपं होतं."

वरून आवाज आला, "बटाटे येतायत की नाही? मी तेल तापवलंय."

नादिरने पिशवी खांद्यावर घेतली आणि चार मजले चढून गेला.