फी आधीच भरलेली आहे

जानेवारीतल्या त्या सकाळी अजमानवर समुद्राकडून आलेलं धुकं इतकं दाट होतं की समोरच्या इमारतीतले दिवे ओल्या कापसात गुंडाळल्यासारखे दिसत होते. जोआनाची, माझ्या लेकीची, दुबईतल्या एका विद्यापीठात आर्किटेक्चरसाठी दहा वाजता मुलाखत होती. शारजा ओलांडेपर्यंत गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या. ती शेजारच्या सीटवर चित्रांची फाइल छातीशी धरून बसली होती आणि मी स्टिअरिंगवर हात आवळून मनातल्या मनात रोझरीची प्रार्थना म्हणत होते.

ती दुसरीत असताना तिच्या वडिलांनी, डॉमनिकने, याच विद्यापीठाच्या एका योजनेत तिचं नाव घातलं होतं. पुढच्या शिक्षणाचं शुल्क तेव्हाच्या दराने हप्त्याहप्त्याने आधीच भरून ठेवायचं. वसईहून कुणी पाहुणा आला की डॉमनिक हात झटकून सांगायचा, "हिची सीट पक्की. खलास!" ते वाक्य घरात इतकी वर्षं घुमत राहिलं की शुल्क आणि प्रवेश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा आम्हांला विसरच पडला. डिसेंबरच्या सराव परीक्षेत जोआनाचे गणिताचे गुण घसरले आणि माझी झोप उडाली. पैसे आधीच पोचलेत म्हणून ते तिला झुकतं माप देतील, की ही कुठे जाते आता, असं म्हणून दुसऱ्याच कुणाला आत घेतील? दोन्ही विचार परस्परविरुद्ध होते, तरी ते एकाच वेळी माझ्या मनात ठाण मांडून बसले होते.

जोआनाची भीती मात्र निराळी होती. वर्गातल्या मुली तिला म्हणत, तुझं काय, तुझी सीट तर विकत घेतलेली. आदल्या संध्याकाळीच तिने मला बजावलं होतं, "मम्मा, प्लॅनचं नाव काढू नकोस. प्लीज. आय वॉन्ट टू नो इफ आय ॲम गुड."

मी होकारार्थी मान हलवली होती.

प्रतीक्षागृहात गारठा होता; नव्या गालिच्याचा आणि कॉफीचा वास एकमेकांत मिसळला होता. प्रवेश विभागातल्या एक मल्याळी बाई दार उघडून बाहेर आल्या, त्यांनी जोआनाचं नाव पुकारलं आणि, का कोण जाणे, माझ्याच तोंडून आलेलं वाक्य मला ऐकू आलं, "मॅडम, हिची फी आधीच भरलेली आहे. सगळी."

त्या हिंदीत, अगदी मृदूपणे म्हणाल्या, "तो हिशोब दुसऱ्या विभागाकडे असतो. निवड करताना आम्ही तो बघतच नाही. त्याने फायदा नाही, नुकसानही नाही."

जोआनाचे कान लालबुंद झाले होते. माझ्याकडे न बघता ती आत गेली आणि दार मिटलं. चाळीस मिनिटं मी त्या मिटलेल्या दाराकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत आम्ही स्वतःसाठी निर्धास्तपणा विकत घेऊन ठेवला होता, आणि जिला खरोखर परीक्षा द्यायची होती ती तिथे एकटीच बसली होती, हे मला त्या गारठ्यात पहिल्यांदाच उमगलं.

परतताना धुकं विरलं होतं, काचांवर ऊन तळपत होतं. ती घरापर्यंत फाइल मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत राहिली.

मार्चमध्ये मेल आला. तिची निवड झाली होती. डॉमनिकने लगेच वसईला फोन लावला, "सांगितलं नव्हतं? सीट पक्की होती!" त्याचा आवाज हॉलभर आनंदाने भरून राहिला. मी स्वयंपाकघरात सुरमईला मसाला लावत होते. जोआना येऊन ओट्याला टेकली. एरवी माझ्याशी इंग्रजीतच बोलणारी माझी लेक शब्द शोधत, सावकाश मराठीत म्हणाली, "तू त्या दिवशी बोलली नसतीस, तरी त्यांनी मला घेतलं असतं ना?"

"हो," मी म्हणाले. "त्या बाईंनी सांगितलं ना, त्या बघतच नाहीत म्हणून."

तिने मान हलवली, पण ती तिथून हलली नाही. मीही तिच्याकडे वळले नाही. मला त्या बाईंचा शब्द खरा वाटत होता. तरीही माझं ते एक वाक्य आता आम्हां दोघींनाही कधीच परत घेता येणार नव्हतं.