बंगालच्या उपसागरावर वाळलेल्या बड्या

समुद्र कोणत्याही एका राज्याचा नसतो; तो कोपला की आपण सगळेच किनाऱ्यावर उभे असतो. हे वाक्य मी आमच्या खात्याच्या साहेबांच्या भाषणासाठी लिहिलं होतं. भाषण रायपुरात झालं, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी बहुतेकांनी समुद्र फक्त कॅलेंडरवर पाहिला होता.

राज्य होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. नवी राजधानी शेतात रोवलेल्या फलकावर होती आणि आमचं खातं भाड्याच्या इमारतीत. शेजारच्या ओडिशाकडे जे आहे ते आपल्याकडेही हवं, अशी त्या दिवसांत वरच्या लोकांना हौस होती. त्यांच्याकडे चक्रवातासाठी नियंत्रण कक्ष होता. म्हणून नोव्हेंबरात उपसागरात वादळ उठताच आमच्याकडेही एक उघडला. नारळ फुटला, फीत कापली गेली. मधल्या मोठ्या टेबलावर थर्माकोलच्या पाट्या मांडून वर उपसागराचा नकाशा पसरला. लाल टाचणी म्हणजे धोका, निळी म्हणजे सुरक्षित जिल्हा. आमचे सगळेच जिल्हे निळे निघाले. उरलेल्या लाल टाचण्या वाया जाऊ नयेत म्हणून साहेबांनी त्या पाण्यात खोचल्या. चोवीस तासांची ड्यूटी दाखवून दोन हीटरही मंजूर झाले. उद्घाटनानंतर साहेब त्या खोलीत आपणहून फिरकले नाहीत.

माझं काम प्रेसनोट लिहिण्याचं. बुधवारी हवामान खात्याचा फॅक्स आला: वादळ आंध्रच्या किनाऱ्याकडे जाईल, आपल्याकडे तीन-चार दिवस ढग आणि हलका पाऊस. त्या सगळ्या खटाटोपातलं एवढंच वाक्य कोणाच्या उपयोगाचं होतं. ते मी मसुद्यात घेतलं. साहेबांनी हिरव्या शाईचं पेन उघडलं.

"बादल काट दीजिए. नया राज्य है, अच्छा नहीं लगता."

मी ढग काढले. गुरुवारच्या पेपरात पहिल्या पानावर आलं: राज्य पूर्णतः सज्ज, आकाश निरभ्र.

दुपारी तेलीबांध्याला घरी जेवायला आलो तर अंगणात खाटेवर जुनं लुगडं अंथरलेलं, आणि त्यावर रखिया बडीच्या ओल्या रांगा. रखिया म्हणजे कोहळा. तो किसून, उडदाच्या वाटलेल्या डाळीत फेटून घातलेल्या या बड्यांना सलग तीन दिवस कडक ऊन लागतं. आमची मुलगी अमरावतीला सासरी, सातव्या महिन्यात. तिच्या पोटात काही ठरत नव्हतं. हीच बडी तेवढी मागत होती, आणि तिकडे ती कोणी करत नाही. रविवारी सकाळच्या गाडीनं माझा मेहुणा अमरावतीला निघणार होता. त्याच्याबरोबर बड्या गेल्या तर गेल्या.

आभाळ राखेसारखं झालं होतं. ज्या शेजारणीनं माझ्या बायकोला बडी शिकवली, ती कुंपणापलीकडून म्हणाली, "मैं तो बिहनियाच कहे रहेंव, बादर आही, झन कर." म्हणजे सकाळीच तिनं ढग येणार, आज घालू नको, असं बजावलं होतं. तिला वाचता येत नव्हतं.

"काहून घातल्या आज?" मी बायकोला विचारलं.

"पेपरात साफ लिहून आहे नं! सरकार का खोटं बोलते?"

"ते म्याच लिहिलं."

तिनं पिठाचे हात पदराला पुसले. "मंग ढग येऊन राहिले हे माहीत होतं तुम्हाले?"

"बुधवारपासून."

"साऱ्या राज्याले प्रेसनोट धाडता, अन् घरच्या बाईले एक शब्द सांगता नाही येत?"

घरी ऑफिसचं बोलायचं नाही, हा माझा बाणा होता. तो मला तोवर मोठा वाटत असे.

शुक्रवारी सकाळी बड्यांना आंबूस वास आला. मी दोन पराती रिक्षात घातल्या आणि नियंत्रण कक्षात नेल्या. टाचण्या घाईघाईनं उपटून बाजूला केल्या, उपसागरावर धुतलेलं धोतर पसरलं, विशाखापट्टणमपासून अंदमानापर्यंत बड्या मांडल्या आणि दोन्ही हीटर लावले. बाबू लोकांनी काही विचारलं नाही. त्या खोलीत प्रथमच काहीतरी चाललं होतं.

शनिवारी दुपारी न सांगता मंत्री पाहणीला आले. मागे साहेब, त्यांच्या मागे फोटोवाला. मंत्री टेबलापाशी थांबले. साहेबांचा चेहरा धोतराच्या रंगाचा झाला. रविवारची गाडी गेली असं मी मनाशी म्हटलं. नोकरीचा विचार त्यानंतर आला.

मंत्र्यांनी वाकून एक बडी उचलली आणि दोन बोटांत दाबली.

"रखिया बरी ए का?"

"जी," मी म्हणालो.

"अभी कच्चा हे. पलट दव."

त्या कक्षाला मिळालेली ही एकमेव तांत्रिक सूचना. साहेबांनी ती तत्काळ अमलात आणली. राज्य सेवेतला एक वरिष्ठ अधिकारी आणि दोन बाबू कोट-स्वेटर सावरत ओळीनं बड्या उलटत गेले. फोटोवाल्यानं फोटो काढला. सोमवारच्या पेपरात त्याखाली छापलं, अधिकारी वादळाच्या मार्गाचा अभ्यास करताना. ती ओळही माझीच.

बड्या संध्याकाळपर्यंत खडखडीत वाळल्या आणि रविवारी मेहुण्याबरोबर गेल्या. मंगळवारी मुलीचा फोन आला. बऱ्याच दिवसांनी ती दोन पोळ्या जेवली होती. भाजीत एक टाचणी निघाली म्हणाली.

निळी.