शेपूट नसलेलं औषध

माझी वहिनी औषधांच्या कारखान्यात चव बघायच्या खोलीत कामाला आहे. लहान मुलांचं पातळ औषध कडू लागू नये, हे बघायचं तिचं काम. शेजारणी तिला 'कडूबाई' म्हणायच्या आणि तीही हसून ओ द्यायची.

औषध तोंडात घेतलं की आधी गोड लागतं, गिळल्यावर मागून कडूपणा वर येतो. त्याला त्यांच्या खोलीत 'शेपूट' म्हणतात. तापाच्या नव्या औषधाचं शेपूट काही केल्या जाईना. गोडी वाढवली, पाक दाट केला, चिमूटभर मीठही घालून पाहिलं. वहिनीने ध्यासच घेतला. दादा वैतागायचा, "अगं, निदान जेवताना तरी ते शेपूट बाहेर ठेव!"

शेवटी जमलं. नमुन्याची बाटली घेऊन ती घरी आली आणि ताप आलेल्या लेकीला, आमच्या ठमीला, चमचाभर पाजलं. ठमीने चमचा चाटूनपुसून साफ केला. "आई, अजून!" वहिनीला आभाळ ठेंगणं झालं. मीही तोंडभरून कौतुक केलं, खोटं कशाला बोलू?

दुकानातल्या बाटलीचं झाकण दाबून फिरवावं लागतं, पोरांना ते उघडत नाही. नमुन्याच्या बाटलीला साधं झाकण होतं. हे कुणाच्या ध्यानीमनीही आलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ठमी स्टुलावर चढली आणि बाटली रिकामी करून उतरली. वर मलाच सांगत आली, "आत्या, संपलं."

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, तापाचं औषध एवढं पोटात गेलं की यकृत निकामी होतं; उतारा वेळेत पोटात गेला तर वाचेल. त्या उताऱ्याला कुजक्या अंड्यांचा वास. नर्सने फळाच्या रसात कालवला तरी लपेना. ठमीने ओठ घट्ट मिटले. मग वहिनीने पेला हातात घेतला.

"गोड आहे?" ठमीने विचारलं.

"हो, गोड आहे."

पोरीने गटकन गिळलं. मग आईकडे नुसती बघत राहिली. उताऱ्याचा पुढचा पेला पाजताना मला आणि नर्सला तिला धरावं लागलं.

ठमी वाचली. वहिनी रडली नाही. पुन्हा कामावर जाते, जिभेवर घेते, थुंकते, चव सांगते. एकदा मी विचारलं, "जड जात नाही का गं?"

"काही वाटतच नाही," म्हणाली आणि कपडे वाळत घालायला गेली.

मला तिचा राग येतो. एकदा हंबरडा फोडावा, निदान भांडी तरी आपटावीत!

ठमी खाते, पिते, खेळते. फक्त आईने साधं पाणी दिलं तरी पेला माझ्या हातात देते.

"आत्या, आधी तू पी."

मी घोटभर पिते. वहिनी तिथेच उभी असते. मग ठमी पिते.