मराठीत निघालेली पीडीएफ

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. घरात तर नाहीच.

आई निपाणीत तंबाखूच्या वखारीत जायची. घरी आली की तिच्या पदराच्या वासानं आम्हाला शिंका यायच्या. दादाची शाळा सातवीत सुटली. माझी चालू ठेवली आणि मी बी.ए. झाले. घराण्यातली पहिली! तेव्हापासून गल्लीतला प्रत्येक ऑनलाइन अर्ज माझ्याच गळ्यात. आणि कटकट किती? माझ्या फोनवर तीन टिंबं, मग शेअर, मग प्रिंट, मग कुठं ती पीडीएफ. दुसऱ्याच्या फोनवर प्रिंटच सापडत नाही. कॉम्प्युटरवर कंट्रोल आणि पी दाबलं की झालं. पान एकच, पण प्रत्येक यंत्राचा रुसवा निराळा. तरी ‘मला येत नाही’ असं मी कधी म्हटलं? कधीच नाही.

दादाची बायको, सुरेखावहिनी, विड्या वळायची. तिचा अंगणवाडी मदतनिसाचा अर्ज मीच माझ्या फोनवर भरला. निपाणी कर्नाटकात, म्हणून पान कन्नडमध्ये. मला कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही — तेही मी लपवते. फोननं विचारलं, मराठीत करू? केलं. शेवटचं पोचपावतीचं पान तसंच पीडीएफ करून, प्रिंट काढून, शेवटच्या दिवशी ऑफिसात दिलं.

क्लार्कनं कागद उलटसुलट करून पाहिला. “आक्का, हे फोननं बदलल्यालं पान हाय. चालत न्हाय. मूळ कन्नड पान उघडून पीडीएफ करून आणा की. पाचपत्तोर हाय मी हितं.”

समोरच झेरॉक्सचं दुकान, तिथं कॉम्प्युटर. हवा होता फक्त वहिनीच्या फोनवर येणारा ओटीपी. एक फोन! — पण मग तिनं विचारलं असतं, आधीच्या कागदाला काय झालं? काय सांगणार होते मी? मी स्टँडवर जाऊन बसले. पाच वाजेपर्यंत.

घरी येऊन म्हणाले, “मराठी माणसं बघून अर्ज परत केला.”

झालं, गल्ली पेटली. वहिनी एवढंच म्हणाली, “ऱ्हाऊ द्या वन्सं. तुमी काय कमी पळालासा व्हय माझ्यासाठी?” आणि विड्यांचं सूप परत मांडीवर घेतलं.

चीड कशाची येते, सांगू? फोनची नाही. तो माणूस माझ्याशी मराठीतच बोलला होता — आणि गल्ली त्याला शिव्या घालायची तेव्हा मी मान डोलवायची.

दोन वर्षांनी जागा पुन्हा निघाली. मधल्या काळात वहिनी शेजारच्या पद्माक्कांकडं बसून कन्नड वाचायला शिकली होती. मीही शेजारी बसू शकले असते; पण मग मला वाचता येत नाही, हे कळलं असतं. तिनं पान कन्नडमध्येच उघडलं, पीडीएफ स्वतः केली, स्वतः नेऊन दिली. त्याच क्लार्कनं घेतली.

“मानूस चांगला हाय की वन्सं,” घरी येऊन ती म्हणाली.

मी पुन्हा मान डोलवली.

वहिनी आता अंगणवाडीत आहे.