आजोबांचा अबोला

आईला तिच्या वडिलांबद्दल जेमतेम दोन गोष्टी आठवतात. रोज सकाळी ते तिला शेजारी बसवायचे आणि एक अक्षर बोलायचे नाहीत. बराच वेळ असं बसून झालं की तिचा हात हातात घेऊन हलवायचे आणि उठून जायचे. ती दुसरीत असताना ते गेले. "दोघा दादांना खेळायला सोडायचे आणि बसवायचे मला एकटीलाच. कशाचा तरी राग होता त्यांचा माझ्यावर," असं ती आजही, पंचाहत्तरी उलटल्यावर, भाजी निवडता निवडता म्हणते. सहज म्हणते, म्हणून आम्हीही ते सहज घेत आलो.

मी जर्मनीत, डार्मश्टाटला राहतो आणि उपग्रहांचा माग काढणारं सॉफ्टवेअर लिहितो. गेल्या वर्षी पुण्याहून निघताना आई म्हणाली, "दिवसभर काही ना काही शोधत असतोस. माझ्या बाबांना ओळखणारं कुणी सापडतंय का बघ. कसे होते, एवढंच विचार." मी म्हणालो, "हात्तिच्या, एवढंच ना?" माझ्या बहुतेक फजित्या याच वाक्याने सुरू झालेल्या आहेत.

हाताशी धागा एकच होता. आजोबांचे वडील रेल्वेत होते, त्यामुळे आजोबा नर्मदेकाठच्या एका क्वेकर शाळेत शिकले होते. क्वेकर म्हणजे ख्रिस्ती लोकांमधला एक छोटा पंथ, एवढं वाचून मी पुढे गेलो. जे वाचायला हवं होतं ते अर्थातच त्याच्या पुढच्या परिच्छेदात होतं.

शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा एक ग्रुप मला फोनवर सापडला. तिथे मी आजोबांची चौकशी टाकली. एकाने गुलाबाच्या फुलासकट सुप्रभात पाठवलं. दुसऱ्याने भाच्यासाठी जर्मन व्हिसाची माहिती मागितली. तिसऱ्याने कळवलं की या आडनावाचा एक मुलगा शाळेचा हॉकी कॅप्टन होता. मला तेवढं पुरलं. आठवडाभरात मी इथल्या मराठी मंडळात आजोबांच्या हॉकीबद्दल असा काही बोलू लागलो की जणू मी मैदानाच्या कडेला लिंबाच्या फोडी घेऊन उभा होतो. मग कळलं की तो कॅप्टन आमचा कुणीच नव्हे. बायको म्हणाली, "बरं झालं आत्ताच कळलं. गणपतीपर्यंत तू त्यांना ऑलिंपिकला पाठवलं असतंस."

त्याच ग्रुपमधल्या एका सज्जन गृहस्थांनी शेवटी एका आजीबाईंचा पत्ता लावून दिला. त्या जर्मन. वडील त्या शाळेत शिक्षक होते, त्यामुळे त्यांचं लहानपण तिथेच गेलं, शाळाही तीच. आणि आता राहायला माझ्यापासून ट्रामच्या अंतरावर! मी फोन केला तर म्हणाल्या, "रविवारी आमच्या अँडाख्टला या. नंतर कॉफी घेऊन बोलू." अँडाख्ट म्हणजे प्रार्थनासभा, इतपत जर्मन मला येतं.

मी ब्लेझर घालून, लॅपटॉपमध्ये वंशावळ घेऊन, वेळेच्या बराच आधी पोचलो. एका साध्या खोलीत खुर्च्या गोल मांडलेल्या होत्या. दहा-बारा माणसं मूग गिळून बसली होती. आजीबाईंनी शेजारच्या खुर्चीवर हात थोपटला आणि चक्क हिंदीत पुटपुटल्या, "बैठो." मी बैठलो. पाद्री काही येईना. आपल्याकडे प्रमुख पाहुणे उशिरा येतात हे ठीक, पण जर्मनीत? मला त्या लोकांची दया येऊ लागली.

तेवढ्यात समोरचे एक वृद्ध गृहस्थ उभे राहिले, बागेतल्या सफरचंदाच्या झाडाबद्दल दोन वाक्यं बोलले आणि बसले. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पाहुणे येईपर्यंत एकेकाने आपली ओळख करून द्यायची! यात माझा हात धरणारा कोणी नाही. मी उठलो. नाव, गाव, शिक्षण, नोकरी, आयोजकांचे आभार, मग आजोबा. त्यांना ओळखणारं इथे कुणी आहे का, असं ऑफिसातल्या ठेवणीतल्या जर्मनमध्ये विचारलं. वंशावळ लॅपटॉपवर दाखवता येईल, असंही सांगून टाकलं.

कुणी हूं की चूं केलं नाही. एका बाईंनी तर डोळे मिटले. मी बसलो आणि मनातल्या मनात अख्ख्या जर्मनीला शिव्या घातल्या. किती थंड माणसं ही!

बराच वेळ तसाच गेला. मग आजीबाई माझ्याकडे वळल्या, माझा हात हातात घेतला आणि हलवला. खोलीभर प्रत्येकाने शेजाऱ्याचा हात असाच धरला. सभा संपली होती.

माझा हात अजून त्यांच्या हातात होता आणि मला एकदम रडू आलं.

कॉफी पिताना त्यांनी समजावलं. क्वेकरांच्या सभेत पाद्री नसतो. सगळ्यांनी मिळून गप्प बसायचं, अगदी आतून आलं तरच बोलायचं, आणि त्यावर कुणी उत्तर द्यायचं नाही. शेवटी शेजाऱ्याचा हात हातात घ्यायचा. शाळेतही रोज सकाळी हेच असे. मी त्यांना आईचं सांगितलं.

"या, गेनाऊ, अगदी तेच," त्या म्हणाल्या. "माझे वडीलही घरी आम्हाला घेऊन असेच बसत. तुमच्या आजोबांना मी नाही ओळखत, ते माझ्या कितीतरी आधीचे. पण हा राग नव्हे. जवळच्या माणसाला घेऊन बसणं झालं हे." मग कप ठेवून म्हणाल्या, "तुमचं बोलणं छान होतं. लॅपटॉपचं तेवढं नसतं तरी चाललं असतं."

दुपारी मी आईला व्हिडिओ कॉल लावला. एरवी मला वाक्य पुरं करू न देणारी आई माझं सगळं ऐकून नुसती बसून राहिली. पापणीसुद्धा हलेना. "आई? ऐकू येतंय का? तुझं चित्र अडकलंय." मी राउटर बंद-चालू करायला उठलो, तशी बायकोने माझी बाही धरून मला खाली बसवलं. तेव्हा कुठे आमच्या डोक्यात प्रकाश पडला. मी तोंड मिटलं आणि आम्ही तिघंही बसून राहिलो.

खूप वेळाने आईने फोनच्या दिशेने हात पुढे केला.

"दोघा दादांना खेळायला सोडायचे रे," ती म्हणाली. "बसवायचे मला एकटीलाच."